पर्वताची राई

मे महिन्यात ओलोमोउत्सच्या भोवतीची शेतं
इतकी पिवळी होतात की ट्रामच्या काचेतून
माणसांना कावीळ झाल्यासारखी दिसते.
रेपसीड. मोहरीची परदेशी बहीण.
निम्मं शहर शिंकतं आणि तिला शिव्या देतं.

विहनालेक मात्र दर मंगळवारी यायचे,
काकडीच्या लोणच्याची जुनी बादली घेऊन,
काठोकाठ पराग.
पेटीच्या दाराशी त्यांनी जाळी बसवली होती;
आत शिरताना माशीच्या पायांवरचं ओझं
भोकाशी खरवडून खाली पडायचं.
"जकात," ते म्हणायचे. "राणीला सांगू नका."

मी ब्लाझेना. सतरा वर्षं या तळघरात.
पदवी नाही, हात स्थिर आहे.
भिजवते, गाळते, आटवते, परत गाळते,
आणि बादल्यांमागून बादल्या आटल्यावर
शेवटी तळाशी जे राहतं
ते डोळ्याला दिसत नाही, काट्याला दिसतं.
राईचा पर्वत करणारे वरच्या मजल्यावर आहेत.
मी पर्वताची राई करते,
तीही धड राईएवढी नाही.

रोपाला ही पूड म्हणते: वाढ.
ती नसेल तर देठ आखूड,
पानं मुठीसारखी वळलेली,
रोप मातीला तोंड चिकटवून बसतं.
एक थेंब द्या, काही दिवसांत मान वर.

तीच पूड काचेच्या बशीत
कुणाच्या तरी प्रोस्टेटच्या गाठीतल्या पेशींना
(माणूस केव्हाच गेला,
पेशी रविवारीसुद्धा खायला मागतात)
म्हणते: पुरे.

हे असं का, ते राडिमला विचारा.
तो फळ्यावर चार कड्या काढतो,
तीन षट्कोन, एक पंचकोन,
मग शेजारी पुन्हा त्याच चार.
हे झाडाचं संप्रेरक, हे पुरुषाचं, हे बाईचं.
एकाच घराण्यातली नाकं.
पुढचं बोलताना तो खडू जरा सावकाश चालवतो.

यंदा मार्चमध्ये विहनालेक बादलीशिवाय आले.
माश्या अजून उडत नव्हत्या.
खिशातून घडी घातलेला कागद काढला,
त्यावर एक आकडा, शरदापेक्षा दुप्पट.
"बारा वर्षांचा पराग, ब्लाझेना.
माझ्या वाटणीचा किती झाला?"

मी खोटं बोलू शकले असते,
फ्रीझर माझ्या पाठीमागेच होता.
म्हटलं, काचेत व्हिनेगरनंही पेशी मरतात.
काच म्हणजे माणूस नाही.
मात्रा किती, कुणाला ठाऊक नाही.
यकृत काय म्हणेल, ठाऊक नाही.
हॉस्पिटलनं इंजेक्शन सांगितलंय ना,
ते घ्या, उद्याच घ्या.

वाटलं, चिडतील.
त्यांनी कोटातून चीजची पुडी काढून टेबलावर ठेवली,
आपल्या गावाचं, वासाचं,
राडिम खिडकीकडे धावला.
मग म्हणाले, "निदान दाखवा तरी."

नियमात बसत नाही.
मी त्यांना पांढरा कोट घातला, बाह्या लांब झाल्या.
पहिल्या बशीवर ते बराच वेळ वाकून राहिले.
"किती गर्दी. हिवाळ्यात पेटीत असते तशी.
एकमेकींना बिलगून."
मी बशी बदलली.
"आणि इथे?"
"इथे दिलंय."
"कमी आहेत," ते म्हणाले.
नंतर पुन्हा, मध जिभेवर ठेवून
कुठल्या फुलाचा ते ओळखावं तसं:
"कमी."

मे उजाडला. दंडावर इंजेक्शनची पट्टी,
कपाळावर घाम, अवेळी, बाईमाणसासारखा,
त्याचीच त्यांनी थट्टा केली.
बादली ठेवली. मी तोलली.
दोन किलो आठशे, झाकण सोडून.
वहीत तारीख लिहिली, पेटीचा नंबर लिहिला,
आणि नावाच्या रकान्यात, कधी नव्हे ते,
संपूर्ण नाव: ओतमार विहनालेक.
ते वरून बघत होते.
"एवढं कशाला," म्हणाले,
आणि रिकामी बादली मागितली.